जाळ्याच्या कोपऱ्यावरची खूण

मी चौथीपर्यंत शिकलो. म्हणजे चौथीत बसलो. पास झालो की नाही ते मास्तरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण तोवर मी बापाबरोबर होडीवर जायला लागलो होतो. तेव्हा माझ्या लिहिण्यात चुका सापडतील. जाळं विणण्यात सापडायच्या नाहीत. हे मी फुशारकीनं म्हणतो, आणि या वयात म्हणणारच.

आयर्लंडला येऊन मला दुसरं वर्ष. मुलगा रिंगास्किडीला औषधाच्या कारखान्यात आहे. सून घरूनच कंप्युटरवर काम करते. बायको गेल्यावर दोघांनी मला इकडे आणलं. घर चांगलं, माणसं चांगली, मासळीसुद्धा चांगली, फक्त दुकानात ती डोकं उडवूनच मिळते, त्यामुळे ताजी का शिळी ते दुकानदाराच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं. पण हातांना काम नव्हतं. साठ वर्षं दोरीत वावरलेले हात मांडीवर ठेवून बसायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मग मी पडद्याच्या दोऱ्यांना गाठी मारायचो. सून त्या सोडत बसायची.

"अहो बाबा, हा पडदा उघडायचा कसा?"

"गाठ सोडून."

"सुटत नाहीये ती!"

"सुटू नये म्हणूनच मारतात गाठ."

थंडी सरता सरता सूनबाईनं घरातले जास्तीचे कोट आणि स्वेटर पिशव्यांत भरले. गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये युक्रेनची माणसं असलं सामान गोळा करून तिकडे लढाईच्या मुलखात पाठवतात. घरी एकटा काय करू म्हणून मीही गाडीत बसलो.

हॉलमध्ये शिरलो आणि जागीच थांबलो. समोर लाकडाची मोठी चौकट, आणि तिच्यावर ताणून बांधलेलं मासे धरायचं जुनं जाळं. चारपाच बायका त्याच्या एकेका आसात, म्हणजे भोकात, कापडाच्या पट्ट्या ओवून बांधत होत्या. हिरव्या, तपकिरी, मातकट. सूनबाईनं विचारून घेतलं. तिकडे आभाळातून सतत यंत्राचे डोळे फिरत असतात म्हणे. गाडी, माणूस, काही दिसलं की वरून मारा. तर हे जाळं वर टाकायचं, म्हणजे वरून नुसती झाडी वाटते. जाळं इथल्याच बंदरातला एक म्हातारा आयरिश कोळी फुकट आणून देत होता. तोही तिथेच खुर्ची टाकून बसला होता. माझ्याच वयाचा, लालबुंद तोंडाचा. कुणी काहीही विचारलं की "ग्रँड, ग्रँड" म्हणायचा, म्हणजे झकास.

एका कोपऱ्यात पस्तीस-चाळीस वर्षांची एक बाई जाळ्याचं फाटलेलं जोडत होती. कसं, तर बुटाची नाडी बांधावी तसं. मला बघवेना. मी पुढे झालो आणि तिच्या हातातून दोरी काढून घेतली.

"बाबा!" सून ओरडली. "असं हिसकावू नका हो, प्लीज!"

"हिसकावत नाही. वाचवतोय."

बाई एक पाऊल मागे सरली. मी बोटांनी आस मोजला, दोरी फिरवली, गाठ आवळली, पुढची घेतली. दहा-बारा आस झाले तेव्हा बाईनं त्यावर हात फिरवला. कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते तिला सापडेना. आयरिश म्हातारा खुर्चीतून उठून बघायला आला, आणि पहिल्यांदाच ग्रँड न म्हणता नुसती मान हलवली. कोळ्याला कोळी कळतो.

दुसऱ्या दिवशी मी पेटीतून माझी बांबूची सुई काढली. माझ्या बापानं तासलेली. तिला दोरी भरून ठेवायची आणि विणत जायचं. येताना विमानतळावर तपासणीवाल्यानं ती उलटसुलट करून बघितली होती आणि हे काय म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, माझी पेन्शन.

तेव्हापासून रोज जायला लागलो. सून दहाला सोडायची, जेवायच्या वेळी न्यायची. बाईला मराठी येत नव्हतं, मला तिचं काही येत नव्हतं, इंग्रजी दोघांचंही लंगडं. काम चालायचं हातांवर. ती मला "दीदू" म्हणायची. त्यांच्यात आजोबांना म्हणतात तसं. मी तिला "बाय" म्हणायचो. आमच्याकडे पोरीबाळींना म्हणतात तसं. सून असली की तिच्या फोनमधल्या भाषांतरातून बोलणं व्हायचं. त्यातून कळलं की बाईचा नवरा तिकडे शाळेत भूगोल शिकवायचा. आता जखमी माणसांना आघाडीवरून मागे आणायची गाडी चालवतो. फोटोत दाढी वाढलेला, गाडीला टेकून उभा होता. त्या गाडीवरचं आधीचं जाळं फाटून गेलं होतं. हे मोठं जाळं त्या गाडीसाठी होतं, आणि ते घेऊन जाणारी व्हॅन शनिवारी सकाळी आठला निघायची होती.

घरी जेवताना मुलगा मला चिडवायचा. "बाबा, तुम्हीच म्हणायचात ना, टीव्हीवरची ती लढाई बंद करा, आपल्या देशाचं काय ते बघा?"

"मी लढायला गेलो नाही. जाळं सांधतोय."

"पण जाताय की रोज. रविवारी पण विचारत होतात, हॉल उघडा असतो का म्हणून."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, "ती बाई बघ. देश सोडून आली, तरी तिचे हात देशाच्या कामात आहेत. तू किती वर्षं झाली इकडे? तुझे हात कशात आहेत?"

त्यानं ताट उचललं, धुतलं आणि वर गेला. सूनबाईनं माझ्याकडे बघितलं आणि तीही उठली. शब्द मागे घ्यायला मी शिकलेलो नाही.

देशाच्या बाबतीत मी असाच आहे. आमच्या गावच्या शाळेत एकदा पंधरा ऑगस्टला झेंडा वर जाऊन अडकला. हेडमास्तर दोरी ओढताहेत, झेंडा उघडत नाही, पोरं हसायला लागली. मी कुंपणाबाहेरून आत गेलो आणि गाठ मोकळी करून दिली. त्या वर्षापासून झेंड्याची गाठ माझ्याकडे आली. उजाडायच्या आत जायचं, झेंडा घडी घालून बांधून ठेवायचा, हेडमास्तरांनी झटका दिला की फूल उमलल्यासारखा उघडला पाहिजे. एकतीस वर्षं केलं. चौथीवाल्याच्या हातची गाठ बी.ए. झालेल्या माणसाला लागायची, याचा मला गर्व होता. अजून आहे.

आता चूक सांगतो.

आमच्याकडे खुणेशिवाय जाळं पाण्यात जात नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी. कोपऱ्याच्या दोरीला घराच्या रंगाची चिंधी, आणि तिच्याखाली घराची गाठ. आमच्या घराची गाठ म्हणजे तीन वेढे आणि उलटा फास, माझ्या आज्यापासून चालत आलेली. वादळात जाळं तुटून दुसऱ्या गावच्या किनाऱ्याला लागलं, तर तिथली माणसं खूण बघून निरोप पाठवायची की या, तुमचं जाळं इथे आहे.

गुरुवारी जाळं जवळजवळ पुरं झालं. पट्ट्या बांधून झाल्या होत्या, थोडंसं सांधणं उरलं होतं. माझ्या मनात आलं, एवढं मोठं काम हातून झालं, आणि तिकडे कुणाला कळणारही नाही की कुणी केलं. मी कुठला, कुठून आलो. मी घरून तयारीनं गेलो होतो. नारळी पौर्णिमेला खांद्यावर घ्यायचा माझा केशरी शेला, त्याच्या काठाची वीतभर पट्टी कापली होती. पांढरी जुन्या बनियनची. हिरवी तिथल्याच ढिगातली घेतली. सगळ्या चहाला गेल्या तेव्हा केशरी वर, पांढरी मध्ये, हिरवी खाली, अशा तिन्ही पट्ट्या एका कोपऱ्याला बांधल्या, आतल्या बाजूनं. रंगांचा नियम मला माहीत नव्हता असं नाही. भिंतीवर चार रंगांचे तुकडे चिकटवले होते, तेवढेच चालतात म्हणून. पण मला वाटलं, वीतभर चिंधीनं काय होतंय.

शुक्रवारी दुपारी घडी घालायला जाळं चौकटीवरून काढून जमिनीवर पसरलं. बाई गुडघ्यांवर बसून टोकापासून टोकापर्यंत हात फिरवत निघाली. असं ती प्रत्येक जाळ्याला करते. कोपऱ्याशी आली आणि थांबली.

आधी आयरिश म्हाताऱ्यानं बघितलं. त्याचा चेहरा फुलला. टाळी वाजवून सगळ्यांना सांगायला लागला की या माणसानं आमचा झेंडा लावलाय!

"तुमचा नाही," मी म्हटलं. "आमचा."

"ग्रीन, व्हाइट, ऑरेंज!" तो बोटांवर मोजून दाखवायला लागला. त्यांच्या झेंड्यातही हेच तीन रंग, फक्त उभे.

"केशरी वर आहे, डोळे आहेत ना? वर केशरी म्हणजे भारत."

सून हसू दाबत मधे उभी. दोन म्हातारे एका चिंधीवरून भांडत होते. आणि तेवढ्यात बाईनं कात्री घेतली. कच्. केशरी. कच्. पांढरी. हिरवी तिनं ठेवली.

माझ्या डोक्यात काय झालं ते मी सांगू शकत नाही. माझ्या शेल्याचा काठ, माझ्या झेंड्याचे रंग, आणि माझ्या पोरीच्या वयाची एक बाई माझ्या तोंडाकडेही न बघता ते कात्रीनं कापते. मी टोपी घातली आणि बाहेर पडलो.

बाहेर भुरभुर पाऊस. घर पायी पंचवीस मिनिटं. सूनबाई गाडी घेऊन माझ्या बरोबरीनं, माझ्याच चालीनं, काच खाली करून.

"बाबा, बसा गाडीत."

"नाही."

"भिजताय तुम्ही."

"कोळी आहे मी."

"मागे गाड्या थांबल्यात हो, हॉर्न पण वाजवत नाहीत बिचारे!"

मी बसलो नाही. शेवटी तीच पुढे गेली. घरी पोचलो तेव्हा टॉवेल आणि चहा टेबलावर होता आणि ती समोर उभी. माझी सून पुण्याची, कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

"तुम्ही निघाल्यावर जाळं उचललं, तेव्हा ते चौकटीच्या खिळ्यात अडकून फाटलं. चांगलं दोन हात. आत्ताच तिचा फोन आला होता. आणि सुई तुमच्या खिशात आहे."

मी खिशात हात घातला. होती.

"तिला म्हणावं, बुटाची नाडी बांधतात तशी बांध."

"बाबा, तिनं ते तुमच्यावर रागावून कापलं नाही. पांढरं आणि केशरी वरून लगेच दिसतं. गाडीत तिचा नवरा असतो, आणि मागे पडून असलेली माणसं."

"झेंडा होता तो माझा."

ती म्हणाली, "शाळेच्या झेंड्याची गाठ तुम्ही उजाडायच्या आत जाऊन बांधायचात ना? यांनी सांगितलंय मला. लहानपणी हेही तुमच्याबरोबर जायचे, कंदील धरून. मग झेंडावंदनाला तुम्ही कुठे उभे असायचात?"

"कुंपणाबाहेर," मी म्हटलं. "आत शिकलेली माणसं असायची."

"मग? तेव्हा कुणाला कळायचं, गाठ कुणाची ते?"

मी चहा प्यायलो. गार झाला होता. मग तिला म्हटलं, "गाडी काढ. तिच्यासाठी जात नाही मी. काम अर्धवट टाकून उठणं आमच्या घरात नाही."

"हो बाबा," ती म्हणाली. तिला हसू आलं होतं, पण मला दिसू नये म्हणून तोंड फिरवलं.

हॉलमध्ये बाई एकटी होती. बाकीच्या कामावर, घरी, आपापल्या पोरांकडे गेल्या होत्या. ती फाटलेल्या जागेशी बसून बोटांनी गाठी मारत होती. माझ्यासारख्या, मी मारतो तशा. जमत नव्हत्या, पण माझ्यासारख्याच मारत होती. मला बघून उठली. आतल्या खोलीत गेली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण काढून माझ्यासमोर धरला.

आत चिंध्या होत्या. निळ्या-पिवळ्या, त्यांच्या झेंड्याच्या. रिबिनी, लोकरीचे तुकडे, एक केसांना बांधायची फीत. कितीतरी. सूनबाईनं तिचं बोलणं मला सांगितलं. इथे येणारी त्यांची पोरं, म्हाताऱ्या आया, सगळे जाळ्याला गुपचूप आपला झेंडा बांधतात. कुणी बापासाठी, कुणी लेकासाठी. ती प्रत्येक जाळं शेवटी हातानं तपासते आणि ते सगळं कापून काढते. टाकून देववत नाही, म्हणून डब्यात ठेवते. ती केसांची फीत तिच्या स्वतःच्या मुलीची होती.

डब्यात सगळ्यात वर माझी केशरी आणि पांढरी पट्टी होती. घडी घालून ठेवलेली, काठ आत दुमडून.

"दीदू," ती म्हणाली, आणि पुढचं तिच्या भाषेत. सूनबाईला सांगायला थोडा वेळ लागला. "ती म्हणतेय, स्वतःचा झेंडा कापताना तिचा हात थांबत नाही. तुमचा कापताना थांबला होता. तुम्ही बघितलं नाहीत."

मी नव्हतं बघितलं. मी आयरिश म्हाताऱ्याशी भांडत होतो.

मी गुडघ्यांवर बसलो. या वयात बसणं सोपं, उठणं अवघड. सुई भरली आणि सुरू केलं. पण फाटलं होतं ते दोन हात नव्हतं, चांगलं चार हात होतं, आणि वर पट्ट्या पुन्हा बांधायच्या होत्या. बाई आणि सून पट्ट्यांना लागल्या. मी एका टोकानं पुढे सरकत होतो आणि दुसरं टोक लांबच राहत होतं.

साडेपाचला दार उघडलं. मुलगा कारखान्यातून थेट आला होता. गळ्यात कामाचं ओळखपत्र तसंच. सूनबाईनं त्याला मेसेज केला असणार. त्यानं कोट काढला, माझ्यासमोर जाळ्याच्या पलीकडच्या टोकाला बसला आणि हात पुढे केला.

"एकच सुई आहे," मी म्हटलं.

त्यानं खुर्चीवर पडलेली पुठ्ठ्याची एक पट्टी घेतली, कात्रीनं दोन्ही टोकांना खाच पाडली आणि तिच्यावर दोरी गुंडाळली. असं लहानपणी तो करायचा, बापाची सुई मिळायची नाही तेव्हा. आणि विणायला लागला. हळू. पण आस एकसारखा. मधलं बोट मापाला घालून, मी शिकवलं होतं तसं.

त्याच्या बाजूनं तो आणि माझ्या बाजूनं मी, असे एकमेकांकडे येत गेलो. एकदा त्यानं विचारलं, "घट्ट झालं का हे?" मी म्हटलं, "ठीक आहे." माझ्या तोंडून ठीक आहे म्हणजे काय, ते त्याला माहीत आहे. जूनचा महिना होता, इथे तेव्हा दिवस मावळायचं नावच घेत नाही. खिडकीतून ऊन थेट जाळ्यावर येत होतं. आठच्या सुमाराला आमचे हात एकमेकांना लागले. भोक बुजलं.

बाईनं पुन्हा टोकापासून टोकापर्यंत हात फिरवला. मग घडी घालायला आम्ही चौघांनी चार कोपरे धरले. माझ्या हातात आला तो मुलाच्या बाजूचा कोपरा. दोरीवर बोटं गेली आणि काहीतरी लागलं. तपकिरी दोरी, त्याच रंगाची, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बोटांनी मोजलं. तीन वेढे. उलटा फास.

मी त्याच्याकडे बघितलं. तो मान खाली घालून घडी बसवत होता.

"ही कधी बांधलीस?"

"खुणेशिवाय जाळं पाण्यात जात नाही," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणता ना."

मला खूप बोलायचं होतं. ताट धुऊन वर गेला होता त्या दिवसाबद्दलही. पण मी एवढंच म्हटलं, "फास अजून जरा आवळायला हवा होता."

"बरं," तो म्हणाला आणि आवळला.

शनिवारी सकाळी आठला व्हॅन गेली. आयरिश म्हाताराही निरोप द्यायला आला होता. येताना दुसरं जुनं जाळं खांद्यावर टाकून घेऊन आला, पहिल्यापेक्षा फाटकं. मला म्हणाला, ग्रँड ना?

माझा शेला काठाशी वीतभर कापलेला आहे, आणि तो मी शिवून घेतलेला नाही. त्याचा तुकडा त्या डब्यात आहे, निळ्या-पिवळ्या चिंध्यांमध्ये. लढाई संपली की तो डबा घेऊन घरी जायचं असं बाईनं ठरवलंय. माझाही तुकडा नेणार आहे. मी हो म्हटलं.

ऑगस्टमध्ये तिच्या फोनवर नवऱ्यानं एक फोटो पाठवला, आमच्या जाळ्याखाली उभ्या केलेल्या गाडीचा. तिनं हॉलमध्ये तो मला दाखवला, मुलगा आणि सूनही होते. मी चष्मा पुसला, फोटो मोठा करून घेतला, जवळ धरला, लांब धरला. झाडं होती. गवत, झुडपं, मागे एक मोडका बांध. गाडी कुठे, जाळं कुठे, काही सापडेना.

"कुठेय हो बाबा?" सूनबाईनं विचारलं.

"दिसत नाही," मी म्हटलं.

बाई माझ्याकडे बघत होती. मी फोन तिला परत दिला आणि मुलाला म्हटलं, "चल, दुसरं टोक धर. हा आस फार मोठा झालाय."